रणभूमीवर पत्र कसे पोचत असे

आपण एखाद्या आप्तास पत्र लिहितो, तेव्हा पाकिटावर त्याचे नाव, गाव, तालुका व जिल्हा एवढे लिहून ते पेटीत टाकले की आपले काम संपते. पुढील सर्व भार टपालखाते वाहते. हे काम इतके सोपे वाटते याचे मुख्य कारण असे की, गाव आपली जागा सोडीत नाही. सातारा आज जेथे आहे तेथेच उद्याही असणार. परंतु ज्यास पत्र पाठवावयाचे तो समुद्रापलीकडे युद्धावर गेलेला शिपाई असेल, तर काय करावे ? तो आज एका गावी, उद्या दुसऱ्या गावी आणि परवा रानातल्या एखाद्या खंदकात असावयाचा. तो कोठे आहे हे त्याच्या घरच्या माणसांस ठाऊक नसे. इतकेच नव्हे, तर ते त्यांस कळूच नये अशी लष्कराची सक्त आज्ञा असे. पत्रावर लिहिलेले ठिकाण शत्रूच्या दृष्टीस पडले, तर कोणती पलटण कोठे आहे हे त्यास आयतेच समजावयाचे ! असे असूनही १९१४ ते १९१८ या वर्षांच्या पहिल्या महायुद्धात कोट्यवधी पत्रे ज्याची त्यास पोचली. हे कसे साधले, ते या लेखात थोडक्यात सांगण्याचा विचार आहे.

सैन्याबरोबर टपालकचेरी नेण्याची पद्धत आपल्या देशास तेव्हा नवी नव्हती. १८५६ साली इराणवरील मोहिमेसाठी मुंबईहून सैन्य निघाले, त्या वेळी इराणी आखातातील बूशहर येथे सैन्याकरिता टपालाची सोय करण्यात आली. भारतीय सैन्याच्या फिरत्या टपालकचेऱ्यांचा आरंभ तेथपासून मानतात. पुढे १९१४ च्या ऑगस्टात महायुद्ध पेटले, आणि २६ सप्टेंबर १९१४ रोजी भारतीय सैन्याची पहिली दले फ्रान्सच्या मार्से बंदरात उतरली. त्यांत शीख, पठाण, डोग्रे, गढवाली, गुरखे अशा नाना जातींचे लोक होते, आणि आपल्या खडकीच्या ‘सॅपर्स अँड मायनर्स’ पथकाच्या २० व २१ या क्रमांकांच्या कंपन्याही होत्या. या दोन कंपन्यांतील पुष्कळ माणसे त्याच वर्षी २८ ऑक्टोबर रोजी न्यूव्ह शापेल या खेड्यावरील हल्ल्यात कामास आली. या सैन्याबरोबर बंदुका व दारूगोळा गेला, तसेच टपालखात्याचे पोस्टमास्तर, कारकून, शिक्के आणि तिकिटेही गेली. पंचम जॉर्ज बादशहाचे चित्र असलेल्या नेहमीच्या हिंदी तिकिटांवरच ‘आय. ई. एफ.’ ही तीन अक्षरे छापून ती तिकिटे या सैन्याकरिता काढली होती.

या अक्षरांचा अर्थ ‘इंडियन एक्स्पिडिशनरी फोर्स’, म्हणजे परदेशी मोहिमेवर पाठविलेले हिंदी सैन्य, असा होय. या सैन्याचे निरनिराळे भाग पाडून प्रत्येकास इंग्रजी वर्णमालेतील एक अक्षर दिले होते. फ्रान्सला गेलेला भाग ‘ए’, पूर्व आफ्रिकेतील टांगा बंदरावर चालून गेलेला ‘बी’, मेसोपोटेमियात, म्हणजे ज्यास आज इराक म्हणतात त्या देशात, गेलेला ‘डी’, इजिप्तमधील ‘ई’, याप्रमाणे ही नावे होती. शिपायाच्या घरच्यांनी पाकिटावर त्याचा क्रमांक, हुद्दा, नाव, कंपनी, पलटण आणि शेवटी फोर्सचे हे अक्षर लिहावयाचे. गाव नाही, जिल्हा नाही, देशसुद्धा नाही ! गावाची जागा पलटणीने घेतली होती. क्रमांकाचे महत्त्व तर फारच. एकाच पलटणीत एकाच नावाचे व आडनावाचे अनेक जण असत. घाईत क्रमांक गाळला किंवा अक्षर किरटे काढले, तर एका मातेचे पत्र दुसरीच्या मुलाच्या हाती पडावयाचे.

पत्ता असा अपुरा असताना पत्र योग्य स्थळी कसे जाई, हे समजण्यासाठी आपण प्रथम इंग्लंडातील व्यवस्था पाहू. कारण तेथे हे काम सर्वांत मोठ्या प्रमाणावर चाले. लंडन शहरातील रीजंट्स पार्क या बागेत १९१४ च्या डिसेंबरात एक प्रचंड लाकडी इमारत उभारण्यात आली. तीस ‘होम डेपो’ म्हणत. तिने कित्येक एकर जमीन व्यापली होती, आणि जगातील सर्वांत मोठी लाकडी इमारत अशी तिची त्या काळी ख्याती होती. टपालखात्यातील तरुण पुरुष सैन्यात गेले असल्यामुळे तेथे बहुतेक स्त्रियाच कामावर घेतल्या होत्या. युद्धाच्या अखेरीस तेथील नोकरांची संख्या सुमारे २,५०० होती. काम ऐन भरात असता आठवड्यास सुमारे १ कोटी २० लक्ष पत्रे व १० लक्ष पार्सले तेथून जात. आणि सबंध युद्धात मिळून सुमारे २ अब्ज पत्रे व ११ कोटी ४० लक्ष पार्सले त्या एका छपराखालून गेली.

या इमारतीत पत्रांची वाटणी गावांप्रमाणे होत नसून पलटणींप्रमाणे होई. प्रत्येक पलटणीची थैली निराळी. थैली बांधून तयार झाली की ती कोठे पाठवावयाची, हा प्रश्न येई. कोणती पलटण कोठून कोठे हलली याची वर्दी लष्कराकडून डेपोस वेळोवेळी मिळत असे, आणि तीप्रमाणे थैल्यांची दिशा बदलण्यात येई. म्हणजे पाकिटावर जे गुपित लिहिण्याची मनाई होती, ते गुपित टपालखात्याच्या ठेवणीत मात्र असावे लागे. आई म्हणे, ‘माझा मुलगा अमुक पलटणीत आहे’. लष्कर म्हणे, ‘ती पलटण अमुक ठिकाणी आहे’. आणि या दोन वाक्यांची गाठ घालून देणे एवढेच टपालाचे काम. ते वरकरणी लहान दिसते, पण रोज लाखो वेळा ते अचूक व्हावे लागे.

लंडनहून थैल्या आगगाडीने बंदरावर, तेथून आगबोटीने खाडी ओलांडून ल हाव्र, बूलोन्य किंवा कॅले येथे, आणि पुन्हा आगगाडीने आघाडीच्या शक्य तितक्या जवळ जात. रूळ जेथे संपत तेथे मोटारलॉऱ्या उभ्या असत. त्या थैल्या घेऊन फिरत्या टपालकचेरीपर्यंत येत. ही कचेरी म्हणजे कधी एखादा पडका वाडा, कधी तंबू, तर कधी नुसती गाडी. तेथे प्रत्येक पलटणीचा टपालाचा शिपाई येऊन आपली थैली ताब्यात घेई, आणि कंपनीवार गठ्ठे बांधी. रात्र पडली की अन्नाच्या शिध्याबरोबर ते गठ्ठे खंदकांत पोचविले जात. कारण दिवसाउजेडी त्या वाटेने जाणे म्हणजे शत्रूच्या गोळीस निमंत्रणच. लंडनमध्ये टाकलेले पत्र अशा रीतीने सरासरी दोन दिवसांत आघाडीवर मिळे. भाकरीबरोबर पत्र पाठविण्यात सोय होती हे खरे, पण त्यात लष्कराचा एक अनुभवही होता. पोटास अन्न मिळाले तरी घरची खबर नसेल, तर शिपायाचे मन लढण्यात लागत नाही, हे सेनापती पुरते जाणून होते.

आता आपल्याकडील पत्राची वाट पाहू. खेड्यातून निघालेले पत्र बैलगाडीने किंवा टपालवाल्याच्या पायी तालुक्यास येई, तेथून आगगाडीने मुंबईस. मुंबईहून पी. अँड ओ. कंपनीच्या डाकेच्या आगबोटीने एडन, सुएझचा कालवा व पोर्ट सैद या मार्गाने ते मार्सेस जाई, आणि मार्सेहून फ्रान्सभर प्रवास करून उत्तरेकडील आघाडी गाठी. इंग्रज शिपायास दोन दिवसांत घरची खबर मिळे, तर हिंदी शिपायास त्यासाठी आठवड्यांवर आठवडे वाट पाहावी लागे. पेरणी झाली असे पत्र हाती पडेपर्यंत गावाकडे पीक गुडघ्यास लागलेले असे. शिवाय हा मार्ग धोक्याचा होता. समुद्रात जर्मन पाणबुड्या दबा धरून असत. ३० डिसेंबर १९१५ रोजी मार्सेहून मुंबईकडे येणारी ‘पर्शिया’ नावाची आगबोट क्रीट बेटाजवळ अशाच एका पाणबुडीने बुडविली. बोटीवरील ५१९ माणसांपैकी ३४३ माणसे मृत्युमुखी पडली. अशी बोट बुडाली की तिच्यावरील डाकही समुद्राच्या तळाशी जाई, आणि कित्येक घरांतील लोक न येणाऱ्या पत्राची वाट पाहत बसत.

रणभूमीवरून घरी येणाऱ्या पत्रास आणखी एक नाके ओलांडावे लागे. ते म्हणजे तपासनिसांचे. इंग्रज शिपायाचे पत्र त्याच्याच पलटणीतील अधिकारी वाची, आणि ठिकाणाचे नाव किंवा लढाईची बातमी आढळल्यास ती खोडी. आपल्या साहेबाने आपले खासगी पत्र वाचावे याचा संकोच कोणास वाटणार नाही ? म्हणून १९१५ साली हिरव्या रंगाची निराळी पाकिटे निघाली. ‘यात केवळ घरगुती मजकूर आहे’ असे शिपायाने सहीनिशी लिहून दिले, की ते पत्र पलटणीत न उघडता पुढे जाई. तपासावयाचे झाल्यास मागील मुख्य ठाण्यावर तपासले जाई. ज्यास लिहिण्यास सवड नसे त्याच्याकरिता छापील कार्ड असे. मी खुशाल आहे, मी इस्पितळात आहे, तुमचे पत्र मिळाले, पुष्कळ दिवसांत तुमचे पत्र नाही, अशा अर्थाची वाक्ये त्यावर छापलेली असत. नको ती वाक्ये खोडून खाली सही व तारीख घालावयाची. याहून एक शब्द जरी अधिक लिहिला, तरी कार्ड फाडून टाकले जाई. घरी मात्र त्या न खोडलेल्या एका ओळीवर माउलीचा जीव भांड्यात पडे.

हिंदी शिपायांच्या पत्रांकरिता निराळी कचेरी बूलोन्य येथे होती. तिचे प्रमुख कॅप्टन हॉवेल हे हिंदुस्थान सरकारच्या नोकरीतील गृहस्थ होते. १९१५ च्या मार्चच्या सुमारास फ्रान्समधील हिंदी शिपाई आठवड्यास दहा ते वीस हजार पत्रे घरी लिहीत. उर्दू, गुरुमुखी, हिंदी इत्यादी अनेक भाषांतील इतकी पत्रे मूठभर तपासनिसांनी सगळीच वाचणे अशक्य होते. यास्तव ते निवडक पत्रे वाचीत, आणि त्यांतील उताऱ्यांचे इंग्रजी भाषांतर करून दर आठवड्यास वरिष्ठांकडे अहवाल धाडीत. शिपायांस हे ठाऊक असे. म्हणून ते सांकेतिक भाषा योजीत. हिंदी शिपायांस ‘काळी मिरी’ व गोऱ्या शिपायांस ‘लाल मिरी’ असे म्हणून, काळी मिरी संपत आली आहे, असे ते घरी कळवीत. वाचणारा चतुर असेल तर त्यास कळे की हे मसाल्याविषयी नसून मेलेल्या माणसांविषयी आहे. तपासनिसांनाही ते कळतच असे ! त्या अहवालांतील उतारे आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जतन केलेले आहेत. त्यांची मूळ पत्रे बहुतेक नाहीशी झाली असून, ज्यांनी ती लिहिली त्यांचा शब्द परक्या भाषेत व परक्या हस्ताक्षरात तेवढा उरला आहे.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. त्या शिपायांपैकी बहुतेकांस लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांचे पत्र पलटणीतील एखादा साक्षर सोबती किंवा लेखक लिही. यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन या संस्थेने छावण्यांतून आपले तंबू उभारले होते. तेथे शिपायांस कागद व पाकिटे मिळत, आणि संस्थेचे कार्यकर्ते त्यांची पत्रे लिहूनही देत. इकडे गावी पत्र आले म्हणजे शिपायाची पत्नी किंवा आई ते मास्तरांकडे, नाही तर टपालवाल्याकडे, वाचून घेण्यास जाई. म्हणजे लिहिणाऱ्याच्या मनातून निघालेला शब्द प्रथम लेखकाच्या कानी, मग तपासनिसाच्या डोळ्यांपुढे, आणि शेवटी वाचून दाखविणाऱ्याच्या तोंडून घरच्या माणसापर्यंत पोचे. पती-पत्नीमधील सुखदुःखाची भाषा इतक्या परक्यांदेखत कोण कशी बोलणार ? म्हणूनच पुष्कळ पत्रांत जनावरे, शेत, कर्ज व नातलगांचे कुशल एवढाच मजकूर सापडतो. सांगावयाचे होते ते कित्येकांच्या मनातच राहिले.

सर्वांत दुःखद पत्रे ती, जी पोचून उपयोग नव्हता. पत्र वाटेत असतानाच शिपाई लढाईत पडला, तर ते पाठविणाऱ्याकडे परत धाडावे लागे. परंतु मुलाच्या मृत्यूची बातमी घरी कळण्यापूर्वीच आईचे स्वतःचे पत्र ‘हा मनुष्य लढाईत मारला गेला’ अशा शेऱ्यासह तिच्या दारी आले तर ? हा प्रसंग टळावा म्हणून लंडनच्या डेपोत अशी पत्रे रोखून ठेवीत. लष्कराने घरच्या माणसांस रीतसर कळविले आहे अशी खात्री करून घेत, आणि मगच ती परत पाठवीत. लाखो पत्रांच्या त्या गर्दीत एका अनोळखी आईकरिता एक पाकीट बाजूस ठेवण्याइतकी माणुसकी नियमात घातलेली होती, ही लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे.

कधी कधी टपालाचे सर्व उपाय खुंटत. १९१५ च्या डिसेंबरात मेसोपोटेमियातील कुत या गावी सहाव्या पुणे डिव्हिजनला तुर्की सैन्याने वेढा घातला. तीत १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. वेढा १४७ दिवस चालला. बाहेरच्या सैन्याने सुटकेसाठी केलेले सर्व हल्ले फसले. शेवटी १९१६ च्या एप्रिलात विमानांतून पिठाची पोती टाकण्याचा प्रयत्न झाला, पण हजारो भुकेल्या तोंडांस ते कसे पुरावे ? २९ एप्रिल १९१६ रोजी कुत शत्रूच्या हाती गेले, आणि जे जगले ते कैदेत पडले. बिनतारी यंत्राने सेनापतींचे संदेश बाहेर जात. पण शिपायाची नेहमीची डाक त्या वेढ्यातून ये-जा करू शकत नव्हती. कोकणातील व देशावरील पुष्कळ घरांत त्या महिन्यांत टपालवाल्याची वाट कशी पाहिली गेली असेल, याची कल्पनाच करावी.

पुढे दुसऱ्या महायुद्धात नवीच अडचण उभी राहिली. १९४० च्या जूनमध्ये इटली युद्धात पडल्यामुळे भूमध्य समुद्राची वाट धोक्याची झाली. इंग्लंडहून इजिप्तला जाणारी पत्रे आफ्रिका खंडाला वळसा घालून महिन्यामहिन्यांनी पोचू लागली. विमानाने पाठवावी, तर इतके ओझे विमानात मावेना. तेव्हा ‘एअरग्राफ’ नावाची युक्ती काढण्यात आली, आणि १९४१ च्या एप्रिलात कैरोहून इंग्लंडकडे तिचा आरंभ झाला. शिपायाने ठरावीक नमुन्याच्या कागदावर पत्र लिहावयाचे; त्या कागदाचे अगदी बारीक छायाचित्र घ्यावयाचे; तेवढी फीत विमानाने न्यावयाची, आणि तिकडे ते छायाचित्र पुन्हा मोठे करून कागदावर उतरवून पत्र म्हणून वाटावयाचे. जी सुमारे १,६०० पत्रे एरवी ५० पौंड भरली असती, त्यांची फीत अवघी ५ औंसांची होई. फीत सुखरूप पोचल्याची खबर येईपर्यंत मूळ कागद जपून ठेवीत. विमान पडले, तर पुन्हा छायाचित्र घेता येई. ‘पर्शिया’बरोबर जे हरपले ते परत मिळणे शक्य नव्हते, एअरग्राफमध्ये ते शक्य झाले.

ही सर्व हकीकत जुनी झाली, तरी तिचा पाया आजही टिकून आहे. भारतीय सैनिकाच्या पत्त्यावर आजही पलटणीच्या नावाखाली ‘मार्फत ५६ ए. पी. ओ.’ किंवा ‘९९ ए. पी. ओ.’ असे लिहितात. गावाचे नाव लिहीत नाहीत. १९७२ साली देशभर पिनकोड सुरू झाला, तेव्हा सैन्याच्या टपालाकरिता ९ हा आरंभीचा अंक राखून ठेवण्यात आला. हिमालयातील ठाणे असो वा वाळवंटातील, पाकिटावरून ते कोणासही ओळखता येत नाही. तरी पत्र जेथे जावयाचे तेथे जाते.

विद्यार्थिमित्रहो, या हकीकतीत आगबोटी, आगगाड्या व विमाने यांचे कौतुक वाटणे साहजिक आहे. परंतु नीट पाहिले असता ही सारी यंत्रे दोन साध्या गोष्टींवर अवलंबून होती. पहिली, पाकिटावरील स्वच्छ व पूर्ण पत्ता. तो चुकला की जगातील सर्वांत मोठी इमारतही निरुपाय होई. दुसरी, पत्राच्या दोन्ही टोकांस लिहिता-वाचता येणारे माणूस. हजारो मैल समुद्र ओलांडून आलेले पत्र घराच्या उंबऱ्याशी येऊन अडे, कारण आतल्या माणसास अक्षर ओळख नसे. फ्रान्सला गेलेल्या अनेक शिपायांस हे तेथेच उमगले. तिकडील शेतकऱ्यांच्या बायका व मुली सर्रास लिहितात-वाचतात हे पाहून, आपल्या मुलांस, विशेषतः मुलींस, शाळेत घाला, असे त्यांनी घरी कळविल्याचे दाखले त्या तपासनिसांच्या अहवालांत आढळतात. ज्यांनी हे कळविले त्यांतील कित्येकांस स्वतःच्या हाताने सहीही करता येत नव्हती. दुसऱ्याकडून लिहवून घेतलेल्या त्या पत्रांत त्यांनी पुढील पिढीकरिता मागितले ते एवढेच की, तिला आपले पत्र आपणच लिहिता यावे, आणि आलेले पत्र कोणाच्या मध्यस्थीवाचून वाचता यावे. आपणांपैकी प्रत्येकास ते आज येते. त्याची किंमत काय आहे, हे त्या शिपायांइतके कोणी जाणले नसेल.